पर्समधले डॉलर कुणाचे?

२०२३ च्या उन्हाळ्यात लेकीच्या बाळंतपणासाठी मी पहिल्यांदा अमेरिकेला गेले. डिंक, अळीव, खारकांची पूड, मेतकूट, बाळाची दुपटी... बॅगांचं वजन तीन-तीनदा करून झालं. पैशांकडे मात्र मी बघितलंच नाही. ते खातं ‘ह्यांचं’. निघताना ह्यांनी एका पाकिटात दोनशे डॉलर दिले, स्वतःचं डेबिट कार्ड दिलं आणि चिठोऱ्यावर चार आकडे लिहून दिले. “लागलं तर वापर,” म्हणाले. मीही खूश!

तिसऱ्या आठवड्यात न्यू जर्सीच्या ओक ट्री रोडवर एका भारतीय दुकानात गेलो. लाडवांसाठी तूप, थोडा सुकामेवा आणि बाळासाठी एक टोपडं एवढंच घेतलं होतं. काउंटरवर मी ऐटीत कार्ड पुढे केलं. नाही चाललं. पुन्हा केलं. पुन्हा नाही. मागे रांग. नोटांचं पाकीट घरी कपाटात. जावई पटकन पुढे आले, “आई, राहू द्या, मी देतो ना.” फार चांगला मुलगा आहे, त्याच्या मनातही काही आलं नसेल. पण माझ्या आयुष्यातलं पहिलं नातवंड, आणि त्याचं टोपडं त्याच्याच बापाने घेतलं! संध्याकाळी ह्यांना फोन लावला तर तिकडे पहाटेचे अडीच. अर्धवट झोपेत म्हणाले, “अगं, सुरू करावं लागतं वाटतं ते.”

ते खरंच सुरू करावं लागतं. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने तसा आदेशच काढला होता. त्यानंतर दिलेलं कार्ड मुळात फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानात चालतं. परदेशातला वापर ज्याचं कार्ड त्याने स्वतः बँकेच्या अ‍ॅपवरून नाहीतर शाखेतून सुरू करायचा. आता कार्ड ह्यांचं, अ‍ॅप ह्यांच्या फोनमध्ये, ओटीपी ह्यांच्याच नंबरवर. मी सात समुद्रांपलीकडे चिठोऱ्यावरचे चार आकडे हातात धरून उभी! आणि नवऱ्याचं का असेना, दुसऱ्याचं कार्ड आपण वापरणं मुळात बँकेच्या नियमात बसत नाही, हे तर मला परत आल्यावर कळलं.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे आमच्या शेजारच्या काकू. त्यांच्याही लेकीचं बाळंतपण, त्याही अमेरिकेलाच निघालेल्या. आणि नेमकं त्याच सुमाराला, डिसेंबर २०२५ मध्ये, डॉलरने पहिल्यांदा नव्वदी ओलांडली. टीव्हीवर दिवसभर तेच. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉलर अडुसष्टला गेला तेव्हा केवढी बोंब झाली होती, आठवतंय ना? आता नव्वद. काका म्हणाले, “थांबू या, खाली येईल.” दीर म्हणाले, “डॉलर कशाला न्यायचे? तिकडे पोरगी आहे की.” काकू माझ्याकडे आल्या आणि हळूच म्हणाल्या, “अगं, माझे पुरणपोळ्यांच्या ऑर्डरचे एक लाख दहा हजार साठलेत. डब्यात आहेत. त्यांचं काही होईल का?”

मैत्रिणींनो, होईल का म्हणजे काय! एक गंमत ऐका. रिझर्व्ह बँकेची एक उदारीकृत प्रेषण योजना आहे, बँकेत तिला ‘एलआरएस’ म्हणतात. फेब्रुवारी २००४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा माणशी वर्षाला २५ हजार डॉलर अशी मर्यादा होती. आज ती अडीच लाख डॉलर आहे. माणशी! कुटुंबाला नव्हे, कर्त्या पुरुषाला नव्हे. साठ-सत्तरच्या दशकात आपली मुलं आठ डॉलर खिशात घालून अमेरिकेत उतरायची, त्या देशात आज कायदा गृहिणीलाही अडीच लाख डॉलरचा हक्क देतो. आणि घरातून तिला मिळतात दोनशे, पाकिटात घालून.

पण हा हक्क चालतो पॅन कार्डावर. काकूंच्या पॅनवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं! बँकेतल्या बाई म्हणाल्या, आधी हे सारखं करून आणा. त्यात तीन आठवडे गेले. हा घोळ किती घरांत असेल, तुम्हीच बघा. पासपोर्ट काढताना सगळे धावपळ करतात, पॅनकडे कुणी बघत नाही. कारण तिच्या नावावर पैशांचा व्यवहार होणार आहे हे कुणाच्या डोक्यातच नसतं.

नाव जुळलं. मग पुढचा प्रश्न, घ्यायचे कुठून? आपल्या तालुक्याच्या गावात डॉलर काही वाण्याकडे मिळत नाहीत. आमच्या इथल्या एका शाखेत तर साहेबांनी मान वर न करता सांगितलं, “इथे होत नाही, पुण्याला जा.” दुसऱ्या बँकेत मात्र अर्ज घेतला, वरच्या शाखेतून मागवून चार दिवसांत दिले. शहरांत परवाना असलेले मनी चेंजर असतात, काही घरपोचही देतात. त्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. आणि आपल्याकडचा हमखास तिसरा मार्ग म्हणजे, ‘अमक्यांचा मुलगा आलाय, त्याच्याकडे उरलेत, घेऊन टाका.’ तो सोडा. परवाना नसलेल्या माणसाशी परकीय चलनाची खरेदी-विक्री कायद्याला चालत नाही, पावती नसते, आणि नोट खोटी निघाली तर भांडायचं कुणाशी?

आता भावाचं बघू. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण पैसे इथे जातात. आपण सोनं घेतो तेव्हा काय करतो? पेपरातला भाव बघतो, मग सराफाला विचारतो, “घडणावळ किती? मोडताना घट किती?” ‘घडणावळ माफ’ अशी पाटी दिसली की आपण लगेच ओळखतो, भावात लावली असणार! डॉलरचं अगदी तस्सं आहे. पाटी असते ‘कमिशन शून्य’. हिशेबाला सोपं म्हणून बाजारात डॉलर ९० रुपये धरू. कमिशन शून्यवाला तुम्हाला तो देणार ९२ रुपये ७० पैशांना. दुसरीकडे बँक म्हणते ९१ रुपये २० पैसे, वर दीडशे रुपये शुल्क. शुल्क ऐकून आपण बिचकतो. पण हजार डॉलर घेतले तर पहिल्याकडे ९२,७०० रुपये आणि दुसऱ्याकडे, शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरूनही, ९१,३७७. तेराशे रुपयांचा फरक! चलन बदलण्यावर आणखी एक जीएसटी असतो, पण लाखभर रुपयांच्या व्यवहारात तो जेमतेम १८० रुपये, आणि सगळीकडे सारखाच. म्हणून फोनवर एकच प्रश्न विचारायचा, “माझ्या हातात हजार डॉलर पडायला सगळं मिळून किती रुपये लागतील?” असं विचारलं की समोरच्याचा सूरच बदलतो. काकूंनी चार ठिकाणी विचारलं. एक जण तर म्हणाला, “साहेबांना फोन द्या.” काकू म्हणाल्या, “साहेब मीच.”

विमानतळावरचा भाव शेवटचा. तिथे तुमची गरज त्यांना तोंडावर दिसत असते. तिकिटाची तारीख हातात असेल तर प्रवासाच्या ६० दिवस आधीपासून चलन घेता येतं, म्हणून ती पाळी येऊ द्यायची नाही.

‘थांबू या, खाली येईल’ याचं काय करायचं? मला विचाराल तर, डॉलर कुठे जाणार हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. आपण सट्टा खेळायला चाललेलो नाही, लेकीकडे चाललोय. काकूंनी अर्धे डॉलर तिकीट काढल्या आठवड्यात घेतले, अर्धे निघायच्या दहा दिवस आधी. भाव चढला तरी अर्धा जीव शांत, उतरला तरी अर्धा. काकांचं समाधान झालं नाही, ते वेगळं.

डब्यातल्या पैशांची मात्र एक अडचण होती. परकीय चलन घेताना रोख रुपये ५० हजारांपर्यंतच चालतात. त्यावरची रक्कम चेकने, कार्डाने किंवा खात्यातून द्यावी लागते. म्हणून ते एक लाख दहा हजार आधी काकूंच्या स्वतःच्या खात्यात गेले. काकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, बायकोकडे एवढे आहेत! त्या संध्याकाळी त्यांच्याकडे काय बोलणं झालं ते मी इथे लिहीत नाही. असो.

बाराशे डॉलर झाले. सगळ्या नोटा घ्यायच्या का? बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला तीन हजार डॉलरपर्यंत रोख नोटा नेता येतात, म्हणजे नियमाने चाललं असतं. पण परक्या मुलखात पर्स गेली की सगळंच गेलं. काकूंनी तीनशेच्या नोटा घेतल्या, त्याही शंभराच्या नव्हे. पाचच्या, दहाच्या, विसाच्या, थोड्या एक-एकच्या. तिकडच्या काही विमानतळांवर सामानाच्या ट्रॉलीलाही पैसे पडतात, हे मला माझ्या वेळी शंभराची नोट हातात धरून कळलं होतं. शिवाय मुंबईहून घरी यायच्या गाडीसाठी थोडे रुपये वेगळे ठेवले. माणशी २५ हजारांपर्यंत आपले रुपये बरोबर नेता-आणता येतात.

उरलेले नऊशे फॉरेक्स कार्डावर. हे कार्ड म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड. ज्या दिवशी भरलं त्या दिवशीचा भाव पक्का, मग तिकडे वापरताना रुपया कितीही घसरो. मुख्य म्हणजे ते काकूंच्या नावाचं, काकूंच्या पॅनवरचं, पिन काकूंच्याच डोक्यात. आपलं नेहमीचं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं तर पुष्कळ बँका साडेतीन टक्क्यांच्या आसपास जादा लावतात आणि त्यावर जीएसटी. हजार डॉलरला साडेतीन हजारांच्या वर गेले, ते बिलात दिसतात घरी आल्यावर. काही कार्डांना ही जादा आकारणी नसते, ते घ्यायच्या आधी विचारावं. आणि नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावरचं जोड-कार्ड असेल, तर आपण तिकडे काय घेतलं त्याचा मेसेज इकडे ह्यांच्या फोनवर टिंग करून वाजतो, हेही लक्षात असू द्या!

फॉरेक्स कार्डाचेही नखरे आहेत. घेताना, पुन्हा पैसे भरताना शुल्क असू शकतं. एटीएममधून काढलं की कार्डवाला घेतो आणि अमेरिकेत बऱ्याचदा त्या एटीएमचा मालकही घेतो, म्हणून सारखं पन्नास-पन्नास काढायचं नाही. डॉलर भरलेलं कार्ड दुसऱ्या चलनाच्या देशात वापरलं तर मध्ये आणखी एक बदली होते आणि तिचे पैसे पडतात. हरवलं तर बंद करायचा नंबर कार्डावर नव्हे, वहीत लिहून ठेवायचा. कार्डाबरोबर वहीच नाहीतर काय उपयोग? आणि आपलं इथलं सिम रोमिंगवर सुरू ठेवायचं, निदान ओटीपी येण्यापुरतं.

आता अमेरिका सोडून जरा दुबईला जाऊ, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणींचा पहिला परदेश हल्ली तोच असतो. आमच्या भिशीतल्या आम्ही नऊ जणी नोव्हेंबर २०२४ मध्ये जाऊन आलो. तिथे पैशांचं काम टूर एजंटनेच अंगावर घेतलं होतं. “ताई, दिरहॅम मी देतो, साडेचोवीसने.” पावतीचं विचारलं तर हसला. आता बघा, दुबईचा दिरहॅम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहॅम. म्हणजे डॉलरचा भाव माहीत असला की दिरहॅमचा भाव घरबसल्या कळतो, पावणेचारपेक्षा जरा कमीने भागायचं. तेव्हा डॉलर चौऱ्याऐंशीच्या घरात होता, दिरहॅम तेवीसच्या आत-बाहेर. साडेचोवीस म्हणजे हजार दिरहॅममागे दीड हजार रुपये एजंटच्या खिशात! आम्ही बँकेतून घेतले. एजंट दोन दिवस नीट बोलला नाही, पण बसमध्ये खिडकीची जागा दिली.

तिथल्या दुकानात आणखी एक गंमत. कार्ड लावलं की यंत्राच्या पडद्यावर विचारतं, पैसे रुपयात द्यायचे की दिरहॅममध्ये? रुपये दिसले की आपल्याला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं आणि बोट तिकडेच जातं. तिथेच फसतो आपण. रुपया निवडला की बदलीचा भाव तिकडच्याने ठरवायचा, आणि तो महागच असतो. जिथे आहोत तिथलंच चलन निवडायचं. फोनवरून यूपीआयने पैसे देणं भूतान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, दुबईत काही ठिकाणी आता चालतं, पण ‘काही ठिकाणी’ हे शब्द विसरून निघू नका.

आणि त्या सहलीचा एक हिशेब माझ्या मनात अजून सलतो. परदेशी सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून ‘टीसीएस’ नावाचा कर आधीच कापून घेतात. आमच्या वेळी ५ टक्के होता. पॅकेज माणशी ८५ हजार, म्हणजे प्रत्येकीचे ४,२५० रुपये. हा कर खर्च नव्हे बरं का. तो आपल्या पॅनवर सरकारात जमा असतो आणि आपल्याला द्यायचा कर नसेल तर आयकराचं रिटर्न भरून परत मिळतो. पण नऊ जणींपैकी सहा जणींच्या बुकिंगला पॅन कुणाचं? नवऱ्याचं! पैसे त्यातल्या दोघींनी भिशीतून स्वतःचे भरले होते, परतावा नवऱ्याच्या हिशेबात गेला. उरलेल्या आम्ही तिघी. दोघींनी रिटर्न भरलं, पैसे खात्यात आले. तिसरी म्हणाली, “चार हजारांसाठी कोण सीएच्या पायऱ्या चढणार?” तिचे ते तसेच राहिले. हीच बाई भाजीवालीशी पाच रुपयांसाठी दहा मिनिटं घालते!

या कराचे दर फार वेळा बदललेत. मोठ्या रकमांवर ऑक्टोबर २०२३ मध्ये तो थेट २० टक्के झाला. फेब्रुवारी २०२६ च्या बजेटमध्ये पॅकेजवरचा दर सरसकट २ टक्के करण्याचं जाहीर झालं. बुकिंगच्या दिवशी दर विचारून घ्यायचा आणि पावतीवर आपलंच पॅन आहे का ते बघायचं. काकूंसारखं पॅकेजशिवाय, स्वतः चलन घेऊन जाणाऱ्यांना वर्षाला दहा लाखांपर्यंत हा कर नाही. ही मर्यादा एप्रिल २०२५ मध्ये सातवरून दहा लाख झाली. तेव्हा बाराशे डॉलर घेताना कुणी टीसीएस मागितला तर सरळ कारण विचारा.

राहिलं परत आल्यावरचं. उरलेले डॉलर आल्यापासून १८० दिवसांत बँकेला किंवा मनी चेंजरला विकायचे, हा नियम. दोन हजार डॉलरपर्यंत मात्र पुढच्या वेळेसाठी जवळ ठेवता येतात. विकताना भाव खालचा मिळतो, आपली ती सोन्याची घट! म्हणून ज्यांची लेक तिकडेच आहे त्यांनी थोडे उरलेले विकूच नयेत असं मला वाटतं. आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, लेक-जावई परके आहेत का? नाहीत हो. पण बाळंतपणाला गेलेली आई चार-पाच महिने राहते. तेवढ्या दिवसांत तिला कधी एकटीने कोपऱ्यावर जाऊन कॉफी प्यावीशी वाटते, कधी मंदिरात पेटीत काही टाकावंसं वाटतं, कधी लेकीशी दोन शब्द होतात आणि उगाच बाहेर पडावंसं वाटतं. प्रत्येक वेळी हात पसरायचा? माझ्या त्या दोनशे डॉलरमधले एकशे साठ मी तसेच परत आणले होते. लागले नाहीत म्हणून नव्हे. संपले तर मागावे लागतील म्हणून.

काकू जानेवारीत गेल्या. लेकीला मुलगी झाली. परवा त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. मला वाटलं बाळाचा. बघते तर दुकानाची पावती! डिंक, तूप, एक टोपडं आणि जावयासाठी चिवडा. एकतीस डॉलर साठ सेंट. खाली लिहिलं होतं, “मशीनने रुपयात देता का म्हणून विचारलंच नाही गं. मी बोट तयार ठेवून वाट बघत होते.”